रक्तवाहिनींतली ओल

एक गृहस्थ सरकारी नोकरींतून नुकतेच निवृत्त झाले होते. प्रकृति सडसडीत, व्यसन कसलें नाहीं, आहार शुद्ध शाकाहारी, आणि पहाटे टेकडीवर फिरावयास जाण्याचा नेम. मुलाच्या आग्रहावरून त्यांनीं एकदां रक्ताची तपासणी करवून घेतली. साखर ठीक होती, हिमोग्लोबिन ठीक होतें, मात्र 'एल्. डी. एल्. कोलेस्टेरॉल' या शब्दांपुढें १९६ हा आंकडा ठळक अक्षरांत छापलेला होता. गृहस्थांनीं चष्मा सारखा करून तो दोनदां वाचला. आपल्याला कोठें कांहीं दुखत नाहीं, जिना चढतांना धाप लागत नाहीं, याची मनाशीं खात्री करून घेतली, आणि कागदाची घडी घालून ती टेबलाच्या खणांत ठेवून दिली.

असे कागद आज शहरांतील पुष्कळ घरांच्या खणांत पडून असतील. ताप आला तर अंग तापतें, दाढ किडली तर ठणका लागतो. या आंकड्याचें तसें नाहीं. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें आपलें काम करीत राहतो, आणि पुष्कळदां त्याची पहिली ओळख हृदयविकाराच्या झटक्यानेंच होते. म्हणून कांहीं दुखूं लागण्यापूर्वींच त्याचा अर्थ समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कोलेस्टेरॉल हें विष नव्हे. तो मेणासारखा स्निग्ध पदार्थ असून शरीरांतील प्रत्येक पेशीच्या आवरणांत तो असतो. यकृत त्यापासून पित्तांतील आम्लें तयार करतें. कांहीं ग्रंथि त्यापासून स्त्रीत्वाचे व पुरुषत्वाचे अंतःस्राव बनवितात. सूर्यप्रकाशानें कातडींत जें 'ड' जीवनसत्त्व उत्पन्न होतें, त्याचें मूळ द्रव्यहि याच घराण्यांतलें आहे. हा पदार्थ प्रथम पित्ताशयांतील खड्यांत सांपडला. शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१५ सालीं त्यास जें नांव दिलें, तें पित्त व घन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनविलेलें आहे. शरीराला लागणारें बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतें. अन्नांतून येणारा भाग त्या मानानें लहान असतो. यावरून 'आम्ही मांस-अंडीं खात नाहीं, मग आमच्या रक्तांत कोलेस्टेरॉल कोठून येणार?' या प्रश्नाचें उत्तर आपोआपच मिळतें.

मग या उपयुक्त पदार्थापासून अपाय कसा होतो? त्याचें कारण त्याच्या वाहतुकींत आहे. तेल जसें पाण्यांत विरघळत नाहीं, तसें कोलेस्टेरॉल रक्तांत विरघळत नाहीं. त्यास ठिकठिकाणीं पोंचविण्यासाठीं शरीर त्याचे अतिसूक्ष्म कण बनवितें. आंत चरबी व कोलेस्टेरॉल, आणि बाहेरून प्रथिनांचें वेष्टन, अशी त्यांची रचना असते. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत जॉन गॉफमन व त्यांचे सहकारी यांनीं रक्तद्रव अतिशय वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत घालून हे कण निरनिराळे करून पाहिले. ताक घुसळलें असतां लोणी वर येतें, तोच न्याय येथेंहि लागूं पडतो. ज्या कणांत चरबी अधिक ते हलके, ज्यांत प्रथिन अधिक ते जड. यांतील कमी घनतेच्या एका जातीस एल्. डी. एल्. व अधिक घनतेच्या जातीस एच्. डी. एल्. अशीं नांवें आहेत. लोक ज्यांस वाईट व चांगलें कोलेस्टेरॉल म्हणतात, ते हेच दोन प्रकार होत. वस्तुतः आंतील कोलेस्टेरॉल एकच असतें; फरक आहे तो तें वाहून नेणाऱ्या गाड्यांचा.

एल्. डी. एल्. ची गाडी शरीराच्या पेशींना कोलेस्टेरॉल पोंचविते, आणि काम संपलें कीं यकृत तिला परत आपल्यांत ओढून घेतें. गाड्या थोड्या असल्या तर वाहतूक सुरळीत चालते. त्या फार झाल्या, किंवा यकृतानें त्यांना परत घेण्यांत कुचराई केली, म्हणजे त्या रक्तांत भटकत राहतात, आणि त्यांतील कांहीं रक्तवाहिनीच्या अस्तरांतून आंत शिरून तिच्या भिंतींत अडकतात.

हें 'भिंतींत' विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. नळाच्या आंतल्या अंगास जसा क्षार धरतो, तशी रक्तवाहिनीच्या पोकळींत चरबी सांचते, असें चित्र पुष्कळांच्या मनांत असतें. तें बरोबर नाहीं. अधिक योग्य दृष्टान्त जुन्या घराच्या भिंतीचा आहे. पावसाळ्यांत ओल भिंतीच्या पोटांत मुरते. वरचा रंग कित्येक दिवस जसाच्या तसा दिसतो. मग गिलावा फुगतो, आणि एके दिवशीं त्याचा पोपडा फुटून खालीं पडतो. रक्तवाहिनींतहि क्रम असाच असतो. भिंतींत अडकलेल्या कणांत रासायनिक बिघाड होतो. त्यांना शत्रु समजून रक्तांतील पांढऱ्या पेशींच्या जातीचे रक्षक तेथें धांवतात व ते कण गिळूं लागतात. गिळून गिळून ते स्वतःच फुगतात, मरतात व तेथेंच राहतात. या ढिगाऱ्यावर शरीर तंतूंचें एक टोपण घालतें. हाच तो रक्तवाहिनींतला थर.

टोपण जाड असेल तर थर पुष्कळ वर्षें स्वस्थ राहतो. तें पातळ असून एखाद्या क्षणीं फुटलें, तर आंतील द्रव्य रक्तास लागतें व तेथें तत्काळ रक्ताची गुठळी होते. ही गुठळी हृदयाच्या रक्तवाहिनींत झाली तर हृदयविकाराचा झटका येतो; मेंदूच्या रक्तवाहिनींत झाली तर पक्षाघात होतो. पायाच्या रक्तवाहिन्या थरांनीं अरुंद झाल्या तर चालतांना पोटऱ्या दुखूं लागतात. ज्या ठिकाणीं टोपण फुटतें, तेथें रक्तवाहिनी झटक्यापूर्वीं अर्धीहि बंद झालेली नव्हती, असें अनेकदां आढळून येतें. टेकडी न धापतां चढतां येते एवढ्यावरून भिंत कोरडी आहे असें अनुमान काढतां येत नाहीं, याचें कारण हेंच.

ही गोष्ट एका दिवसांत सिद्ध झाली नाहीं. १९१३ सालीं रशियांत निकोलाय अनिच्कोव्ह यांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल खाऊं घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत मनुष्याप्रमाणेंच थर उत्पन्न करून दाखविले. ससा हा केवळ पाला खाणारा प्राणी, त्यावरून माणसाविषयीं काय समजावें, असा आक्षेप तेव्हां घेण्यांत आला, व तो अगदींच गैर नव्हता. पुढें १९४८ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत फ्रॅमिंगहॅम या गांवच्या ५,२०९ रहिवाशांची पाहणी सुरू झाली. त्यांची तपासणी वर्षानुवर्षें होत राहिली, आणि ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक त्यांना हृदयविकार अधिक, हें पुढें स्पष्ट दिसून आलें.

दरम्यान १९५३ सालीं एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध झाली. कोरियाच्या युद्धांत मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांचीं हृदयें डॉक्टरांनीं तपासलीं होतीं. सैनिकांचें सरासरी वय होतें अवघें २२ वर्षांचें. त्यांच्यापैकीं सुमारें ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थराचा कांहीं ना कांहीं आरंभ झालेला नुसत्या डोळ्यांनीं दिसला. ज्यास म्हातारपणचा रोग समजावयाचें, त्याची सुरुवात तारुण्यांतच होऊन जाते, हें त्यावेळीं प्रथमच इतक्या ठळकपणें पुढें आलें.

यांतूनच या विषयांतील सर्वांत महत्त्वाचें तत्त्व निघतें, आणि तें शाळेंतील व्याजाच्या गणितासारखें आहे. व्याज केवळ मुद्दलावर अवलंबून नसतें, मुदतीवरहि असतें. एल्. डी. एल्. चा अपायहि आंकडा किती, आणि तो किती वर्षें तसा राहिला, या दोहोंवर ठरतो. याचा उत्तम पुरावा अमेरिकेंतील जोनाथन कोहेन व हेलेन हॉब्ज यांच्या संशोधनानें मिळाला. तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं कृष्णवर्णीय माणसांत पी. सी. एस्. के. ९ नांवाच्या एका प्रथिनाच्या जनुकांत जन्मजात फरक असल्यामुळें त्यांचें एल्. डी. एल्. इतरांहून सरासरीनें २८ टक्के कमी होतें. परंतु त्यांच्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार किती कमी आढळला? ८८ टक्के. आंकड्यांतील फरक मध्यमच होता; पण तो जन्मापासून टिकून राहिला, म्हणून त्याचें फळ एवढें मोठें मिळालें.

आपल्या देशाच्या दृष्टीनें या तत्त्वाला अधिकच महत्त्व आहे. ५२ देशांत केलेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' नामक पाहणींतील माहितीवरून असें दिसून आलें कीं, भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका व नेपाळ येथील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या सुमारास येतो, तर इतर देशांतील लोकांना तो सुमारें ५९ व्या वर्षीं येतो. आपल्या लोकांत एल्. डी. एल्. चा आंकडा कित्येकदां फारसा वाढलेला दिसत नाहीं. परंतु ट्रायग्लिसराइड नांवाची चरबी अधिक, एच्. डी. एल्. कमी, आणि एल्. डी. एल्. चे कण लहान व संख्येनें पुष्कळ, असा प्रकार वारंवार आढळतो. एवढाच माल लहान गाड्यांतून न्यावयाचा तर गाड्या अधिक लागतात, आणि भिंतींत शिरतात त्या गाड्या. अशा माणसाच्या बाबतींत डॉक्टर 'ॲपो बी' नांवाची तपासणी सुचवितात. प्रत्येक कणावर या प्रथिनाचा एकच रेणु असल्यामुळें तींत गाड्यांची जणुं मोजदाद होते.

तपासणीच्या कागदावरील आंकडे कसे वाचावेत? ते १०० मिलिलिटर रक्तद्रवांत किती मिलिग्रॅम, या मापानें दिलेले असतात. पुष्कळ प्रयोगशाळांत एल्. डी. एल्. प्रत्यक्ष मोजीत नाहींत. तें गणितानें काढतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एच्. डी. एल्. वजा करावें, आणि ट्रायग्लिसराइडचा पांचवा हिस्साहि वजा करावा. एकूण २२०, एच्. डी. एल्. ४० व ट्रायग्लिसराइड १५० असेल, तर २२० मधून ४० व ३० गेले, राहिले १५०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर मात्र हें गणित चालत नाहीं. निरोगी मनुष्याचें एल्. डी. एल्. १०० च्या आंत असावें. १६० च्या पुढें तें वाढलेलें व १९० पासून पुढें फारच वाढलेलें समजतात. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांची जोड असेल तर मर्यादा खालीं येते. ज्याला एकदां झटका येऊन गेला आहे, त्याचें तें ७० च्या, आणि अनेक तज्ज्ञांच्या मतें ५५ च्याहि खालीं राखणें इष्ट असतें. थायरॉईड ग्रंथि मंद झाली असतां किंवा मूत्रपिंडाच्या कांहीं विकारांतहि हा आंकडा चढतो, म्हणून मूळ कारण शोधणें हें डॉक्टरचें पहिलें काम. स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर तो वाढूं लागतो. हा रोग पुरुषांचा, अशी समजूत करून घेऊन घरांतील स्त्रियांची तपासणीच न करणें ही मोठी चूक होय.

आंकडा १९० च्या पुढें गेला कीं आणखी एक शंका मनांत आणावी लागते, ती आनुवंशिकतेची. यकृताच्या पेशींवर एल्. डी. एल्. ला आंत घेणारीं जणुं द्वारें असतात. हीं द्वारें अमेरिकेंतील मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टाइन यांनीं शोधून काढलीं, आणि १९८५ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. कांहीं कुटुंबांत हीं द्वारें जन्मतःच अपुरीं असतात. सुमारें २५० ते ३०० माणसांत एकास हा दोष आई किंवा बाप यांपैकीं एकाकडून आलेला असतो. क्वचित् दोघांकडूनहि येतो, व तेव्हां बालवयांतच हृदयविकाराचा झटका येऊं शकतो. टांचेच्या मागील शिरेवर किंवा हाताच्या बोटांच्या सांध्यांवर गांठी येणें, तरुणपणींच डोळ्याच्या बुबुळाभोंवतीं पांढुरकें वलय दिसणें, हीं त्याचीं बाह्य चिन्हें. परंतु तीं पुष्कळांत दिसतच नाहींत. आई अथवा बाप यांना हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यांत तो उतरण्याचा संभव निम्मा असतो.

आतां उपायांकडे वळूं. आहारांत मुख्य प्रश्न कोलेस्टेरॉलचा नसून संपृक्त चरबीचा आहे. ती यकृतावरील वर सांगितलेलीं द्वारें कमी करते. साजूक तूप, लोणी, साय, पामतेल यांत ती भरपूर असते; खोबरेल तेलांत तर तिचें प्रमाण तुपाहूनहि अधिक आहे. शेंगदाणा, करडई, मोहरी यांच्या तेलांत ती कमी असते. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉलविरहित' असें मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें. तें खरें आहे, परंतु त्यांत विशेष कांहीं नाहीं. वनस्पतींच्या कोणत्याहि तेलांत तें नगण्यच असतें. खरें वाचावयाचें तें संपृक्त चरबी किती हें. वनस्पति तुपांत आढळणारी ट्रान्स चरबी याहून वाईट, ती एल्. डी. एल्. वाढविते व एच्. डी. एल्. घटविते. तेलें व तुपें यांत ती २ टक्क्यांहून अधिक असूं नये, असा नियम भारतांत १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. याउलट डाळी, उसळी, पेरूसारखीं फळें, इसबगोल यांतील बुळबुळीत तंतु पित्ताम्लांना आंतड्यांत धरून बाहेर नेतात; तीं पुन्हां तयार करण्यासाठीं यकृताला रक्तांतून कोलेस्टेरॉल उचलावें लागतें. वरणभातावरील चमचाभर तूप कोणी सोडावें असें नाहीं. परंतु ताटांतील तूप, डब्यांतील तळण आणि चहाबरोबरचीं बिस्किटें यांचा एकत्र हिशेब मांडावा हें बरें.

आहारानें व व्यायामानें आंकडा कांहीं अंशीं उतरतो. जन्मजात दोष असेल तर तेवढ्यानें भागत नाहीं. येथें औषध लागतें, आणि त्या औषधाचा इतिहास मनोरंजक आहे. जपानांतील अकिरा एन्डो यांनीं सुमारें ६,००० प्रकारच्या बुरशी तपासून १९७३ सालीं एक द्रव्य वेगळें केलें. तें देणारी बुरशी क्योतोंतील एका धान्याच्या दुकानांतील तांदळावर सांपडलेली होती, व ती पेनिसिलीन देणाऱ्या बुरशीच्याच कुळांतली होती. त्याच जातीचीं औषधें आज स्टॅटिन या नांवानें ओळखलीं जातात. तीं यकृतांतील कोलेस्टेरॉलची निर्मिति कमी करतात. मग यकृत आपलीं द्वारें वाढवून रक्तांतील एल्. डी. एल्. आंत ओढूं लागतें.

त्यांच्या उपयोगाची कसोटी १९९४ सालीं लागली. स्कँडिनेव्हियांतील ४,४४४ हृदयरोग्यांपैकीं निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन व निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी देऊन त्यांच्यावर सुमारें साडेपांच वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें होतें. निरौषधी गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यु झाले, औषध घेणाऱ्यांत १८२. या औषधांनीं कांहींना स्नायु दुखण्याचा त्रास होतो, कांहींची साखर किंचित् चढते. गर्भवती स्त्रियांना तीं सामान्यतः देत नाहींत. म्हणून तीं डॉक्टरच्या देखरेखीखालींच घ्यावींत. परंतु आंकडा खालीं आला म्हणजे रोग बरा झाला, आतां गोळी पुरे, असें मात्र समजूं नये. गोळी थांबली कीं आंकडा पुन्हां पूर्वपदावर येतो.

आरंभीं ज्या गृहस्थांचा उल्लेख केला, त्यांचा तो कागद खणांत तीन महिने पडून होता. सर्दीच्या निमित्तानें ते डॉक्टरकडे गेले असतां त्यांनीं सहज त्याविषयीं विचारलें. डॉक्टरांनीं आंकडा ऐकून उलट प्रश्न केला, "आपले वडील कशानें गेले?" वडील ५१ व्या वर्षीं कचेरींत टेबलाशीं बसल्या बसल्या गेले होते. घरांत त्यास 'वेळ आली होती' असें म्हणत, आणि त्यापलीकडे कोणीं कधीं विचार केला नव्हता. डॉक्टरांनीं मुलाचें रक्त तपासण्यास सांगितलें. मुलगा ३२ वर्षांचा, आंकडा २०४.

गृहस्थ त्या रात्रीं बराच वेळ तो जुना कागद व हा नवा कागद शेजारीं शेजारीं ठेवून बसले होते. तीन महिने आपण केवळ आपलाच आंकडा खणांत ठेवला होता अशी त्यांची समजूत होती. आतां पितापुत्र दोघेहि रोज रात्रीं जेवणानंतर गोळी घेतात. मुलाला एक लहान मुलगी आहे. ती शाळेंत जाऊं लागली कीं तिचेंहि रक्त एकदां तपासून घ्यावयाचें, हें त्या घरांत ठरून गेलें आहे.